शिफरास

आमच्या शाळेत शिक्षक दोन. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी बाईंकडे. बाईंना नाव-आडनाव आहे, पगाराच्या 'शालार्थ'मध्ये ते बिनचूक नोंदलेलंही आहे. पण माणदेशातल्या आमच्या वाडीत ते कुणाला ठाऊक नाही. बिनदाताच्या म्हातारीपासून अंगणवाडीतल्या शेंबड्यापर्यंत सगळ्यांच्या त्या 'बाई'. त्यांचे यजमान कधी गावात आलेच, तर 'बाईंचे मिस्टर' एवढ्याच पदावर येतात आणि चहा पिऊन जातात.

बाईंची पर्स बघण्यासारखी आहे. तीत पैसे कमी आणि पत्ते जास्त. हे पत्ते खेळायचे नव्हेत, वाचायचे. लग्नसराई संपली की बाई घरोघर हिंडून पत्रिका गोळा करतात. पुढच्या बाजूला गणपती, दोन्हीकडची घराणी आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'. मागच्या कोऱ्या बाजूला बाईंच्या टपोऱ्या अक्षरात 'नाक'. गावातलं कुठलंही लग्न पुढच्या जूनमध्ये पहिलीच्या वाचनाला लागतं. एका जोडप्याची सोडचिठ्ठी होऊन गेली, पण त्यांची पत्रिका अजून वर्गात 'मगर' म्हणून चालू आहे.

बाईंचं खरं भांडवल मात्र त्यांचा कान. पोर वाचत असतं तेव्हा बाई पुस्तकाकडे बघत नाहीत, पोराकडेही बघत नाहीत. छताच्या वाशाकडे बघतात. एसटीचा जुना ड्रायव्हर जसा नुसत्या आवाजावरून सांगतो की गिअर कुठं खातोय, तसं बाईंचं आहे. पोर अडखळायच्या एक अक्षर आधीच त्यांचा हात वर होतो. "थांब. कुठं अडलं?" कुठं अडलं हे त्यांना कळलेलं असतं. ते पोरालाही कळावं म्हणून त्या विचारतात.

हा कान शाळा सुटली तरी सुटत नाही, हे गावाचं दुखणं आहे. 'प्रथम' संस्थेचं 'असर' सर्वेक्षण 2005 साली सुरू झालं. कार्यकर्ते घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावतात. आधी सोपा परिच्छेद. तो जमला तर गोष्ट, नाही जमला तर सुटे शब्द, तेही नाही तर नुसती अक्षरं. पाचातली चार बरोबर आली की तो स्तर पक्का. ही उतरंड पोरांसाठी केलेली. बाईंनी ती सबंध गावाला लावली. सरपंचांनी 15 ऑगस्टला भाषणाचा कागद काढला आणि 'स्वातंत्र्यसैनिकांच्या'पाशी त्यांची गाडी तीनदा मागे आली, तेव्हा झेंड्याखाली उभ्या बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "शब्दस्तर. जोडाक्षर तीन मजली झालं की दम लागतो." तलाठी सातबारा एका श्वासात वाचतात, त्यांच्याबद्दल बाईंचं मत, "ओघ उत्तम, आकलन नाही. वाचणाऱ्याचंही नाही आणि ऐकणाऱ्याचंही नाही." स्वतःच्या यजमानांना त्यांनी गोष्टस्तर दिला आहे, पण शेरा मारून: "शेवट आधी वाचतात."

बाईंच्या वर्गात क, ख, ग, घ ह्या ओळीनं काही शिकवत नाहीत. फलटणला प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी पोरांना वाचायला शिकवण्याचं मोठं काम केलं. जन्मानं अमेरिकन, पेशानं भाषाशास्त्रज्ञ आणि अनेक वर्षं मुक्काम फलटण. बाई तिकडच्या एका प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि त्यानंतर आमच्या शाळेतली वर्णमाला पुन्हा कधी रांगेत उभी राहिली नाही. म, न, ग, क, र, ल ही सहा अक्षरं आणि एक काना, एवढ्या सामानावर बाई जुलैत संसार थाटतात. मग, मन, नाक, कान, गरम, नरम, मगर, काका, मामा. पोर सहाच अक्षरं शिकतं, पण आठवड्यात शब्द वाचतं आणि पंधरवड्यात वाक्य. पहिल्या वाक्याचा एकदा घोटाळाही झाला होता. एका पोरानं घराच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं, 'काका नरम, मामा गरम.' नेमका मामा पाहुणा आला होता. तो जेवला नाही.

ह्या पद्धतीत ङ आणि ञ यांना पहिलीत प्रवेश नाही. "वाङ्मयाशी गाठ पडेल तेव्हा ङ शिकवू," बाई म्हणतात, "वाडीत अजून कुणाची पडलेली नाही." पण आजोबा मंडळींना हे पटत नाही. एक माळकरी आजोबा काठी आपटत शाळेत आले. "बाई, पोरगं मगर वाचतंय आन् त्येला ख येत न्हाय? ही कुठली रीत? आधी क, मग ख. आमी तसंच शिकलो." बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्या दिवसाचा पेपर दिला. "आजोबा, ह्यात क ख ग घ अशा ओळीनं अक्षरं कुठं आली असतील तर दाखवा. आजपासून तसंच शिकवते." आजोबांनी चष्मा लावला. मधली सुट्टी संपली, पाचवा तास झाला, आजोबा पेपर वाचतच होते. जाताना म्हणाले, "तसं न्हाय घावलं. पण कांद्याचा भाव घावला."

सगळ्यात बघण्यासारखी वेळ म्हणजे पहिल्या वेलांटीची. मराठी बोलतो तशी लिहितो असं आपण अभिमानानं म्हणतो. बाईंसमोर म्हणू नये. "कि म्हणताना आधी क म्हणायचा की इ?" "क." "मग वेलांटी डावीकडं कशाला उभी?" ह्या प्रश्नाला उत्तर नाही. पहिलीतलं सरळमार्गी पोर डावीकडून वाचत येतं आणि 'किरण'चा 'इकरण' करतं. रफाराची तऱ्हा उलटी. 'सूर्य'मधला र आधी बोलायचा आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर लिहायचा. ह्या दोन चुका करणाऱ्या पोरावर बाई कधीच रागावत नाहीत. "त्याचं बरोबर आहे, लिपीचं चुकलंय. पण लिपी आता सुधारणार नाही, म्हणून आपण सुधारायचं." आणि 'चमचा'तला च 'चहा'तल्या चसारखा म्हणणाऱ्या पोराला बाई वर्गात खरोखरच चमचा आणि चहा दोन्ही देतात. चहाच्या लोभानं तो उच्चार काही पोरं महिनाभर सुधारत नाहीत.

बाईंचा पक्का वैरी म्हणजे पाठांतर. धड्याचं चित्र बघून घडाघडा म्हणणारी पोरं प्रत्येक शाळेत असतात. पुस्तक उलटं धरलं तरी त्यांचं वाचन थांबत नाही. त्यांच्यासाठी बाईंनी पुठ्ठ्याला एक खिडकी कापली आहे. खिडकीतून एकच शब्द दिसतो. खिडकी खालून वर जाते, मधूनच उडी मारते. ह्या खिडकीनं भल्याभल्यांना उघडं पाडलं आहे. बाईंच्या सासूबाई रोज तिन्हीसांजेला हरिपाठ उघडून, पानावर बोट फिरवत, एकही ठेच न लागता म्हणतात. एका संध्याकाळी सूनबाईंनी सवयीनं खिडकी नेऊन तिसऱ्या ओळीवर ठेवली. सासूबाईंनी खिडकीतून बघितलं, सुनेकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ही अक्षरं माझी न्हवंत, ज्ञानोबाची हायेत. माझं पाठ हाय. तुझी खिडकी काढ, उजेड आडतोय." बाईंच्या सगळ्या कारकिर्दीत त्यांना निरुत्तर करणारी ही एकच विद्यार्थिनी.

आता नोंदींचं सांगतो. 2010 साली शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला आणि त्याच साली आमच्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. मार्क गेले, श्रेणी आल्या. नापास गेला आणि वर्णनात्मक नोंदी आल्या. प्रत्येक पोराबद्दल प्रत्येक विषयात वाक्यं लिहायची. एवढी वाक्यं कुठल्याच शिक्षकाला सुचत नाहीत, म्हणून बाजारात नोंदींची तयार पुस्तकं मिळू लागली. 'वाचनाची आवड आहे', 'गटात मिळूनमिसळून वागतो', 'प्रश्नांची समर्पक उत्तरे देतो'. पुस्तक उघडायचं आणि हजेरीपटाच्या क्रमानं वाटत सुटायचं. साऱ्या तालुक्याची पोरं एका साच्यात मिळूनमिसळून वागू लागली.

बाई नोंदी स्वतः लिहायच्या. केंद्रप्रमुखांनी वही उघडली तर पहिल्याच पानावर: 'भ आणि म यांत गोंधळ होतो.' साहेब सज्जन. त्यांनी चष्मा पुसला. "बाई, नोंद सकारात्मक पाहिजे. उणीव नोंदवायची नसते." बाईंनी विचार केला आणि तिथंच दुरुस्ती केली: 'भ आणि म या दोन्ही अक्षरांवर सारखेच प्रेम करतो.' साहेबांनी सही केली. तेव्हापासून बाईंची वही आमच्या केंद्रात गुपचूप वाचली जाते. जोडाक्षर आलं की वर्गातून पळणाऱ्याला 'मैदानी खेळांची आवड आहे'. न वाचता चित्रावरून सांगणारीला 'निरीक्षणशक्ती उत्तम'. शेजाऱ्याचं ऐकून वाचणाऱ्याला 'श्रवणकौशल्य विकसित'. आणि वाचायला उभं केलं की झोपणाऱ्याला 'वर्गात निर्भय वातावरण अनुभवतो'. एकही नोंद खोटी नाही, एकही उणीव नाही, आणि कोणतं पोर कुठं अडलंय ते जाणकाराला बरोबर कळतं.

खरी वही वेगळी आहे. ती पर्समध्ये असते, शिसपेन्सिलीनं लिहिलेली. तीत श्रेणी नाहीत. एका पोराच्या नावापुढे 'ध-घ', एकीच्या पुढे 'दुसरा उकार', एकाच्या पुढे 'चष्मा? आईला सांगणे'. पोराचं अडलेलं सुटलं की बाई ते खोडरबरानं पुसतात. वर्ष संपताना पानं कोरी झाली पाहिजेत, असा त्यांचा हिशेब. अशी वही कुठल्याही तपासणीत दाखवता येत नाही; कारण काम जितकं चांगलं, तितकी ती रिकामी.

वर काय चाललंय याची बाईंना फारशी फिकीर नसते. 22 जून 2015 ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा निर्णय निघाला, पायाभूत चाचणी आली, मग संकलित आली. शाळांच्या फरश्यांवर बाराखड्या रंगल्या आणि पोरं 'कै'वर बसून डबा खाऊ लागली. 2021 साली 'निपुण भारत' आलं. प्रत्येक वेळी तक्ते बदलले, रकाने वाढले. बाईंचं म्हणणं एकच: "रकान्याचं नाव बदललं म्हणून काय झालं? बारक्या अजून दुसऱ्या उकारातच आहे."

राज्यात इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली ती 2000 साली, पण फोनिक्सचं वारं तालुक्याला आलं ते फार नंतर, इंग्रजी माध्यमाच्या बसबरोबर. बाईंच्या भाचीचा मुलगा त्या बसमधला. सुट्टीत आला तो 'जॉली फोनिक्स'चे बेचाळीस आवाज हातवाऱ्यांसकट घेऊन. बाई हरखल्या. पोराला मांडीवर घेऊन त्यांनी सगळे आवाज तपासले. मग म्हणाल्या, "बरं केलंय. त्यांच्या अक्षराचं नाव एक आणि काम दुसरं. नाव बी, काम ब् चं. आपला ब नावाला जागतो. पण बाळा, तू 'बऽ अॅ टऽ' म्हणतोयस, त्याची बॅट कशी होणार? ब च्या पोटातला अ काढ आधी." भाचीनं सांगितलं, मिसनं असंच शिकवलंय. बाई म्हणाल्या, "मिस माझ्यासारख्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या दिसतात."

फोनिक्सच्या ह्याच नादातून बाईंना ती घातक कल्पना सापडली. इंग्लंडात 2012 पासून लहान मुलांची एक वाचनचाचणी होते. चाळीस शब्द वाचायला देतात, त्यातले वीस चक्क खोटे. खोट्या शब्दाशेजारी कुठल्यातरी अजब प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे पोरानं तो खरा समजू नये. एका प्रशिक्षणात बाईंच्या कानावर हे पडलं आणि त्यांची झोप उडाली. खरा शब्द पोर ओळखीनं वाचतं, खोट्याला ओळख कुठली? तिथं अक्षरंच वाचावी लागतात! लग्नपत्रिकांचा नवा गठ्ठा निघाला. टिमळू. खुडमेर. गोपसा. माझ्या चौथीतल्या एका चित्रकारानं टिमळूला सहा पाय आणि मिशा काढल्या.

महिन्याभरात शाळा व्यवस्थापन समितीची तातडीची बैठक. अध्यक्षांनी विषय मांडला, "सरकारी शाळेत पोरास्नी खोटं शिकवत्यात." बाई पर्स घेऊनच आल्या होत्या. म्हणाल्या, "'भाकरी'तला भा दिसला की पुढचं पोट वाचतं, डोळे वाचत नाहीत. हे बघा." आणि त्यांनी समितीतच पत्ते वाटले. अध्यक्षांच्या वाट्याला आला 'निधा'. अध्यक्ष ठणकावून म्हणाले, "निधी!" उपाध्यक्षांना 'भकारी'. ते म्हणाले, "भाकरी." पाणीपुरवठावाल्यांना 'टँरक'. त्यांनी न बघताच टँकर म्हटलं. मग बाईंनी खिडकीतून डोकावणाऱ्या दुसरीतल्या एका पोरीला आत बोलावलं. तिनं तिन्ही पत्ते बघितले आणि खणखणीत वाचले, "निधा. भकारी. टँरक." जे होतं तेच. सभा गप्प झाली. इतिवृत्तात 'चर्चा समाधानकारक झाली' असं मी लिहिलं.

खोट्या शब्दांना तोटा एकच: ते गावात फार दिवस खोटे राहत नाहीत. टिमळू आधी पोरांच्या खेळात शिरला, मग घरात. ऐन दुधाच्या वेळी लाथ मारणाऱ्या म्हशीला कुणीतरी टिमळू म्हटलं, मग ऐन वेळी पाठ फिरवणाऱ्या एका पुढाऱ्याला. दिवाळीपर्यंत एक म्हातारी सुनेला सांगत होती, "लई टिमळूपणा करू नगंस." बाईंनी तो पत्ता फाडून टाकला. "अर्थ आला त्याला. आता चाचणीला चालणार नाही."

जानेवारीत विस्तार अधिकारी तपासणीला आले. रजिस्टरं झाली, पोषण आहाराची चव झाली. टेबलावर बाईंचा गठ्ठा होता. साहेबांनी सहज वरचा पत्ता उचलला. त्यावर लिहिलं होतं 'शिफरास'. साहेबांनी तो वाचला आणि दचकून विचारलं, "शिफारस? कुणाची?" वर्गात शांतता. बाई छताच्या वाशाकडे बघत होत्या, हात वर जाऊ पाहत होता. त्यांनी तो महत्प्रयासानं खाली धरला. मग दुसरीतली तीच पोर उभी राहिली आणि समजुतीनं म्हणाली, "शिफारस न्हाय सायेब. शि-फ-रा-स. काना फला न्हाय, रला हाय." साहेबांनी पुन्हा बघितलं. माणूस दिलदार. खो खो हसले, पत्ता खिशात टाकला, म्हणाले, "बाई, हा ऑफिसात सगळ्यांना वाचायला देतो." आणि म्हणे दिलाही. आठवडाभर ऑफिसात तोच शब्द सगळ्यांच्या तोंडात.

त्याचाच हा परिणाम असणार. ऑगस्टमध्ये वरून पत्र आलं: आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी बाईंच्या नावाची शिफारस! अध्यक्षांनी वाचलं, सरपंचांनी न अडखळता वाचलं, तलाठ्यांनी एका श्वासात वाचलं. बाईंच्या मिस्टरांनी तर शेवटचं वाक्य आधी वाचून तालुक्याहून पेढे आणले. पत्र शाळेच्या फलकावर लागलं. गावानं ते येता-जाता वाचलं आणि तोंड गोड केलं.

तिसऱ्या दिवशी ती पोर, आता तिसरीत म्हणजे माझ्या वर्गात, फलकासमोर पाय उंचावून उभी. बोट ओळीवरून सरकत होतं. 'आपल्या नावाची'पर्यंत नीट आली आणि थबकली. छताकडे न बघता बाईंनी पहिल्यांदाच थेट पोरीकडे बघितलं.

"कुठं अडलं?"

"अडलं न्हाय बाई. शि-फ-रा-स. 'आपल्या नावाची शिफरास करण्यात येत आहे.' हितं बी काना रलाच हाय."

बाईंनी चष्मा लावून पत्र वाचलं, एकेक अक्षर. मग पर्समधून वही काढली, त्या पोरीच्या नावापुढे उरलेलं शेवटचं काहीतरी खोडरबरानं पुसलं.

"बाई, पन मग शिफरास म्हंजी काय?"

"काही नाही ग," बाई पेढ्याचा पुडा तिच्या हातात देत म्हणाल्या. "त्याला अर्थ नसतो. तो नुसता वाचायचा असतो."